९२ ट्रान्झिस्टरांचा संगणक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मायक्रोचिप येण्यापूर्वी संगणक कशाचे बनत असत, या प्रश्नाला मागील अंकात उत्तर देताना इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात १९५३ साली बांधलेल्या ट्रान्झिस्टर (विजेचा प्रवाह वाढवणारा किंवा तोडणारा छोटा भाग) संगणकाचा उल्लेख एका परिच्छेदात केला होता. तो व्हॉल्व्हवर, म्हणजे तापवाव्या लागणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणाऱ्या आधीच्या यंत्रापेक्षा मंद होता, पण वीज अगदी थोडी घेत असे, एवढेच तेथे सांगितले होते. त्या परिच्छेदावर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून इतकी विचारपूर्वक लिहिलेली पत्रे आली, की या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्नांचा गाभा तेवढा खाली दिला आहे.

प्रश्न : ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला संगणक म्हणून एके ठिकाणी मँचेस्टरच्या यंत्राचे नाव वाचले, दुसरीकडे अमेरिकेतील ट्रॅडिकचे, तर तिसरीकडे हार्वेलच्या कॅडेटचे. यांपैकी खरे कोणते मानावे?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : तिन्ही विधानांत तथ्य आहे. प्रत्येकात ‘पहिला’ कशात, हे सांगायचे राहून गेल्यामुळे ती एकमेकांच्या विरोधात उभी राहिल्यासारखी दिसतात. तारखा क्रमाने लावल्या की गुंता बराचसा सुटतो.

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या मार्गदर्शनाखाली रिचर्ड ग्रिम्सडेल आणि डग्लस वेब यांनी बांधलेला प्रायोगिक संगणक १६ नोव्हेंबर १९५३ रोजी चालवून दाखवण्यात आला. त्यात ९२ पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर (हा प्रकार पुढे मिरजेच्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितला आहे) आणि ५५० डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) होते, आणि त्याचा एक शब्द, म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा अंकांचा गट, ४८ बिटांचा (० किंवा १ या अंकांचा) होता. याच रचनेचे मोठे रूप एप्रिल १९५५ मध्ये तयार झाले. त्यात २०० ट्रान्झिस्टर आणि १,३०० डायोड होते आणि ते सगळे मिळून अवघी १५० वॅट वीज घेत असे. मात्र संगणकाची सर्व कामे ज्या तालावर चालतात तो १२५ किलोहर्ट्‌झचा ताल (सेकंदाला १,२५,००० ठोके) निर्माण करण्यासाठी आणि चुंबकीय ड्रमवर (माहिती साठवणाऱ्या फिरत्या पिंपावर) वाचन-लेखन करणाऱ्या भागात थोडे व्हॉल्व्ह वापरावेच लागले होते.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने हवाई दलासाठी बांधलेला ट्रॅडिक जानेवारी १९५४ मध्ये पूर्ण झाला. त्यात सुमारे ७०० ट्रान्झिस्टर आणि १०,००० हून अधिक डायोड होते. पण तालाची शक्ती पुरवण्यासाठी त्यालाही व्हॉल्व्हचा आधार घ्यावा लागला. हार्वेल येथील ब्रिटिश अणुऊर्जा संशोधन केंद्रातील कॅडेटने फेब्रुवारी १९५५ मध्ये पहिला साधा प्रोग्राम चालवला. व्हॉल्व्ह अजिबात लागू नयेत म्हणून त्याच्या निर्मात्यांनी ताल मुद्दाम उतरवून ५८ किलोहर्ट्‌झवर आणला होता. ३२४ पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर आणि ड्रमवरील क्षीण संकेत वाढवण्यासाठी ७६ जंक्शन, म्हणजे नंतरच्या पिढीचे, ट्रान्झिस्टर, अशी त्याची घडण होती.

म्हणजे ट्रान्झिस्टरांच्या मदतीने प्रत्यक्ष चालून दाखवण्याचा मान मँचेस्टरचा, अमेरिकेत तोच मान ट्रॅडिकचा, आणि व्हॉल्व्हला पूर्ण फाटा देण्याचा मान कॅडेटचा. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हे सगळे एका ओळीत कोंबले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण १२५ आणि ५८ किलोहर्ट्‌झ यांतील फरकात दोन चमूंनी केलेल्या दोन वेगळ्या निवडी दडलेल्या आहेत. एकाने वेग राखून थोडे व्हॉल्व्ह स्वीकारले, दुसऱ्याने व्हॉल्व्ह नाकारून वेग सोडला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ‘पहिला कोण’ यापेक्षा या निवडीचा विचार अधिक करावा, असे मला सुचवावेसे वाटते.

प्रश्न : आधीच्या संगणकापेक्षा मंद आणि वरचेवर चुकणारा संगणक एका नामांकित विद्यापीठाने बांधलाच कशासाठी? माझ्या वर्गातील मुलींनी हाच प्रश्न विचारला आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.
(माध्यमिक शिक्षिका, कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : बाई, आपल्या वर्गातील मुलींनी विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे, म्हणून या उत्तराला जरा अधिक जागा घेतो.

मँचेस्टर विद्यापीठाला संगणक नवीन नव्हता. स्मृतीत साठवलेला प्रोग्राम चालवणारे पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र तेथेच २१ जून १९४८ रोजी चालले होते आणि त्यातून १९४९ साली मार्क १ हा मोठा संगणक उभा राहिला होता. मार्क १ मध्ये ४,०५० व्हॉल्व्ह होते आणि तो २५ किलोवॅट वीज घेत असे. व्हॉल्व्हमध्ये काम सुरू होण्याआधी आतली तार तापवावी लागते. काम असो वा नसो, ती उष्णता देतच राहावी लागते, आणि ती उष्णता खोलीबाहेर काढण्याची सोयही करावी लागते. असे यंत्र विद्यापीठाला एखादे बांधता येई, पण ते प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक विभागात बसवता येण्याजोगे नव्हते. किलबर्न यांच्या चमूला लहान आणि स्वस्त संगणक हवा होता. वेगाचा विक्रम हे या यंत्राचे उद्दिष्टच नव्हते. २५ किलोवॅटच्या शेजारी १५० वॅट ठेवून पाहा : दीडशे पटींहून अधिक फरक आहे. दोन्ही यंत्रांची क्षमता सारखी नव्हती, हे लक्षात ठेवूनही हा फरक डोळ्यांत भरणारा आहे.

आता अडचण अशी होती, की त्या काळी ट्रान्झिस्टर महाग होते, थोडे मिळत आणि भरवशाचे नव्हते. मग कमीत कमी ट्रान्झिस्टरांत संगणक कसा बसवायचा? येथे एक छोटे गणित मुलींकडून करून घ्यावे. एक बिट लक्षात ठेवणाऱ्या नेहमीच्या मंडलाला (सर्किटला) किमान दोन ट्रान्झिस्टर लागतात. एका शब्दात ४८ बिट असतील, तर असा एकच शब्द धरून ठेवायला ९६ ट्रान्झिस्टर लागतील. आणि १९५३ च्या त्या संपूर्ण संगणकात होते ९२. पॉइंट-कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टरच्या एका खास गुणामुळे एका ट्रान्झिस्टरवरही एक बिट धरता येई, तो गुण पुढच्या उत्तरात सांगतो. पण तरीही एका शब्दासाठी ४८, म्हणजे निम्म्याहून अधिक साठा खर्ची पडला असता. चालू बेरीज ठेवायला एक शब्द, चालू आज्ञा ठेवायला आणखी एक, एवढ्यातच सगळे संपले असते.

यावर काढलेला तोडगा मला या यंत्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. संगणकाची साठवण चुंबकीय ड्रमवर होती. ड्रम म्हणजे चुंबकीय थर दिलेले, सतत फिरणारे धातूचे पिंप. त्याच्या अंगावर गोल पट्टे कल्पिलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याजवळ वाचणारे व लिहिणारे हेड असते. मँचेस्टरच्या चमूने माहिती तर ड्रमवर ठेवलीच, पण गणित करताना लागणारे ‘हातातले’ शब्दही, म्हणजे रजिस्टरसुद्धा, ड्रमवरच ठेवले. त्यासाठी काही पट्ट्यांवर लिहिणारे हेड आणि वाचणारे हेड ठरावीक अंतरावर बसवले, आणि वाचणाऱ्या हेडखाली जो बिट येईल तो लगेच लिहिणाऱ्या हेडकडे पाठवून पुन्हा ड्रमवर उमटवला. अशा रीतीने एक शब्द त्या दोन हेडांच्या मध्ये अखंड फिरत राहतो आणि दर फेरीला नव्याने लिहिला जातो. ४८ बिट धरून ठेवण्याचे काम ४८ मंडलांऐवजी फिरत्या धातूने केले आणि ट्रान्झिस्टर फक्त निर्णयाच्या जागी, म्हणजे बेरीज करायला आणि संकेतांना वाट दाखवायला, वापरले गेले. बेरीजही एकेका बिटाचीच होई. एका बिटाला ८ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग), म्हणजे ४८ बिटांचा शब्द पुढे सरकायला ४०० मायक्रोसेकंदांहून थोडा कमी वेळ लागे.

या काटकसरीची किंमत वेगाने मोजावी लागली. ड्रमवरील हवा तो शब्द हेडखाली येईपर्यंत थांबावेच लागते. विहिरीवरच्या रहाटाचे हवे ते गाडगे एकदा वर येऊन गेले, की पूर्ण फेरी होईपर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. तसेच हे आहे. हा वेळ वाचवण्यासाठी यंत्राच्या प्रत्येक आज्ञेत दोन पत्ते ठेवले होते : एक ज्या संख्येवर क्रिया करायची तिचा, आणि दुसरा पुढची आज्ञा जेथे लिहिली आहे त्या जागेचा. त्यामुळे आज्ञा एकापुढे एक लिहिण्याचे बंधन राहिले नाही. चालू आज्ञा संपते त्याच क्षणी जी जागा हेडखाली येणार असेल, तेथे पुढची आज्ञा लिहून ठेवता येई. प्रोग्राम लिहिणाऱ्याला गणिताबरोबर ड्रमच्या फिरण्याचाही हिशेब ठेवावा लागे. पण जो हा हिशेब चोख करी, त्याचे काम कितीतरी लवकर होई. यंत्रात जो भाग परवडत नव्हता, त्याची भरपाई माणसाच्या विचाराने केली, असे मी मुलींना सांगेन.

भरवशाविषयी आपण विचारले आहे. १९५५ च्या मोठ्या यंत्राने न चुकता सलग काम करण्याचा सरासरी काळ दीड तास होता. याचा दोष रचनेकडे जात नाही, ट्रान्झिस्टरांच्या सुरुवातीच्या खेपांकडे जातो. याच रचनेत पॉइंट-कॉन्टॅक्टऐवजी जंक्शन ट्रान्झिस्टर बसवून मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीने मेट्रोविक ९५० हे यंत्र बनवले. १९५६ पासून अशी सहा-सात यंत्रे तयार झाली आणि कंपनीच्या निरनिराळ्या विभागांत ती सुमारे पाच वर्षे काम करत होती. विद्यापीठात एक वेळा उभे राहिलेले मंद यंत्र कारखान्याच्या रोजच्या वापरात उतरले, तेही सुमारे तीन वर्षांत. पुढे किलबर्न यांच्याच चमूने फेरँटी कंपनीच्या साथीने ॲटलास हा ट्रान्झिस्टरांचा महासंगणक बांधला आणि तो ७ डिसेंबर १९६२ रोजी सुरू झाला. त्या काळच्या जगातील सर्वांत वेगवान संगणकांत त्याची गणना होत असे.

प्रश्न : मी चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त केले. ओसी ७१, एसी १२८ असे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर हाताखालून गेले. उन्हाळ्यात ते त्रास देत, पण दीड तासात दगा देत नसत. मँचेस्टरचे ट्रान्झिस्टर इतके कच्चे का होते? आणि आमच्या रेडिओतल्यासारख्या ट्रान्झिस्टरांवर संगणक चालू शकला असता का?
(निवृत्त रेडिओ दुरुस्तीकार, मिरज)

उत्तर : आपण हाताळलेले ट्रान्झिस्टर जंक्शन प्रकारचे होते, आणि मँचेस्टरचे त्याच्या आधीच्या पिढीचे, पॉइंट-कॉन्टॅक्ट प्रकारचे. जंक्शन ट्रान्झिस्टरमध्ये सारे काम स्फटिकाच्या पोटात, जर्मेनियमच्या दोन वेगळ्या गुणांच्या थरांच्या सीमेवर चालते. पॉइंट-कॉन्टॅक्टमध्ये मात्र जर्मेनियमच्या तुकड्याच्या पृष्ठभागावर धातूची दोन टोके एकमेकांच्या अगदी जवळ टेकवलेली असतात आणि सगळा खेळ त्या टेकलेल्या बिंदूंवर अवलंबून असतो. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर याच पद्धतीने केला. टोक किंचित सरकले, दमट हवा आत शिरली किंवा यंत्राला हादरा बसला, तर त्याचे वागणे बदलते. एकाच खेपेतील दोन नग सारखे नसत, आणि त्यांतून येणारी खरखर तर इतकी, की हार्वेलच्या लोकांनी ड्रमवरून येणारा क्षीण संकेत वाढवण्याच्या जागी मुद्दाम जंक्शन ट्रान्झिस्टर बसवले.

तरीही त्यांना एक गुण होता आणि संगणक बांधणाऱ्यांना तोच उपयोगी पडला. ट्रान्झिस्टरला एमिटर, बेस आणि कलेक्टर अशी तीन टोके असतात. जंक्शन ट्रान्झिस्टरमध्ये कलेक्टरचा प्रवाह एमिटरच्या प्रवाहापेक्षा थोडा कमीच असतो. पॉइंट-कॉन्टॅक्टमध्ये तो एमिटरच्या प्रवाहापेक्षा अधिक होऊ शकतो. त्यामुळे योग्य रोध (रेझिस्टर) जोडले, तर एकटा ट्रान्झिस्टरच ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन स्थिर अवस्थांपैकी कोणत्याही एकीत टिकून राहतो. रेडिओत हा गुण उपद्रवच ठरला असता, कारण आवाज वाढवण्याऐवजी मंडल शिट्टी मारू लागले असते. संगणकाला मात्र दोनच अवस्था हव्या असतात.

उन्हाळ्याचा आपला अनुभव अगदी योग्य आहे. जर्मेनियममध्ये नको असलेला गळती-प्रवाह तापमान साधारण १० अंशांनी वाढले की दुप्पट होतो. मँचेस्टरच्या गार हवेत जे मंडल शांतपणे चालले असते, तेच आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली बिथरले असते. पुढे सिलिकॉनने जर्मेनियमची जागा घेतली, त्यामागचे एक मोठे कारण हेच होते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे आणि त्याचा पुरावा व्हिएन्नात आहे. तेथील तंत्रविद्यापीठात साहाय्यक असलेले हाइन्झ झेमानेक यांनी विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाला घेऊन १९५५ ते १९५८ या काळात माइल्युफ्टर्ल नावाचा संगणक बांधला. विद्यापीठाने त्यासाठी रीतसर प्रकल्प मंजूर केलेला नव्हता. सामान उद्योगांकडून मागून आणावे लागले. फिलिप्स कंपनीने ट्रान्झिस्टर दिले, पण ते बहिऱ्या माणसांच्या श्रवणयंत्रात वापरण्याचे, म्हणजे आपल्या ओसी ७१ च्या जातकुळीचे, भरवशाचे पण मंद होते. वेगवान ट्रान्झिस्टर मिळेपर्यंत थांबायचे की हाती आहेत त्यांवर यंत्र उभे करायचे, या प्रश्नाचे झेमानेक यांनी कृतीने उत्तर दिले. सुमारे ३,००० ट्रान्झिस्टर, ५,००० डायोड, १,००० जोडपट्ट्या आणि १,००,००० सोल्डरचे सांधे असा तो संगणक होता. सोल्डरिंग ज्यांनी केले आहे त्यांना या शेवटच्या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. एक सांधा कोरडा राहिला, तर तो लाखातून शोधून काढावा लागतो.

२७ मे १९५८ रोजी या यंत्राने ५०७ कोटी ३५ लाख ४८ हजार २६१ ही संख्या मूळ संख्या आहे, हे ६६ मिनिटांत काढून दाखवले. हे काम किती मोठे होते, याचा अंदाज कागदावर घेता येतो. सर्वांत सरळ मार्गाने जायचे, तर त्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ७१,२२७ पर्यंतच्या विषम संख्यांनी भागून पाहावे लागते, आणि अशा संख्या ३५ हजारांहून अधिक भरतात. एका भागाकाराला एक मिनिट धरले आणि रोज आठ तास बसले, तरी एका माणसाला सुमारे अडीच महिने लागतील. तो संगणक आज व्हिएन्नाच्या तंत्रज्ञान संग्रहालयात जतन केलेला आहे. त्या बाजूला कोणी नातेवाईक राहत असतील, तर त्यांना तो पाहून यायला अवश्य सांगा.

प्रश्न : आपल्या देशातील विद्यापीठांनी असा संगणक स्वतः बांधला, की सारे बाहेरूनच आणले?
(विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : स्वतः बांधला आणि तोही ट्रान्झिस्टरांचा. कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठ आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांनी मिळून केलेला आयसिजू-१ हा ट्रान्झिस्टर संगणक १९६६ साली कार्यान्वित झाला. दोन्ही संस्थांची आद्याक्षरे त्याच्या नावात आहेत.

त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफ्रॅक १९६० साली पूर्ण झाला होता. तो व्हॉल्व्हचा होता. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील इतकी फेराइट-कोर (बारीक चुंबकीय कड्यांची) स्मृती, असे त्याचे स्वरूप होते. मँचेस्टरने ट्रान्झिस्टरची वाट धरल्यानंतर इतक्या वर्षांनी आपण व्हॉल्व्हचे यंत्र का पूर्ण केले, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. ज्या देशात संगणक बांधण्याचा अनुभव नव्हता, तेथे ओळखीच्या भागांनी आधी एक यंत्र पुरे करणे हाच शहाणपणाचा मार्ग होता, आणि स्मृतीच्या बाबतीत टिफ्रॅकने फेराइट कोरची त्या वेळची आधुनिक पद्धतच घेतली होती.

आयात झालेली यंत्रेही होती. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली आयबीएम १६२० आला आणि टाटा संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला. दोन्ही ट्रान्झिस्टरांचे होते. आपल्या सातारा-सांगलीतील महाविद्यालये ज्याला जोडली गेली, ते कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ नोव्हेंबर १९६२ मध्ये स्थापन झाले, यावरून या घडामोडींचा काळ डोळ्यांसमोर आणता येईल.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी सातवी-आठवीच्या मुलांना ट्रान्झिस्टर ‘लक्षात कसा ठेवतो’ हे दाखवायचे आहे. खर्च कमी आणि धोका नाही असा प्रयोग सुचवावा.
(विज्ञान शिक्षक, विटा, जि. सांगली)

उत्तर : सर, यासाठी लागणारे सुटे भाग सांगलीत किंवा कराडात इलेक्ट्रॉनिक सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतील : बीसी ५४७ क्रमांकाचे दोन ट्रान्झिस्टर, दोन एलईडी, १ किलोओहमचे दोन आणि २२ किलोओहमचे दोन रेझिस्टर, आणि दीड व्होल्टचे तीन पेन्सिल सेल. घरातल्या विजेशी या प्रयोगाचा संबंध येऊ देऊ नये. सेल पुरेसे आहेत.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस आणि एमिटर असा क्रम येतो. दोन्ही एमिटर सेलच्या ऋण टोकाला जोडावेत. धन टोकापासून १ किलोओहमचा रेझिस्टर, त्याला एलईडी आणि त्यापुढे कलेक्टर, अशी साखळी दोन्ही बाजूंना करावी; एलईडीचा लांब पाय धन बाजूकडे असावा. आता महत्त्वाचा भाग : पहिल्याचा कलेक्टर २२ किलोओहममधून दुसऱ्याच्या बेसला, आणि दुसऱ्याचा कलेक्टर तसाच पहिल्याच्या बेसला जोडावा. सेल जोडताच एकच एलईडी नीट पेटेल. जो ट्रान्झिस्टर चालू आहे तो दुसऱ्याच्या बेसचा प्रवाह स्वतःकडे ओढून त्याला बंद ठेवतो, आणि दुसरा बंद असल्यामुळेच पहिल्याला चालू राहायला प्रवाह मिळतो. ऋण टोकाला जोडलेली एक सुटी तार चालू ट्रान्झिस्टरच्या बेसला क्षणभर टेकवली, की तो बंद पडतो, दुसरा चालू होतो, आणि तार काढून घेतली तरी नवी अवस्था टिकून राहते. मुलांना हा क्षण स्वतःच्या हाताने अनुभवू द्यावा.

एखादा चौकस मुलगा विचारील, की बंद बाजूचा एलईडी अंधारात अगदी मंद का दिसतो. त्यातून पलीकडच्या बेसला लागणारा प्रवाह जात असतो. तो साधारण ०.०८ मिलिॲम्पिअर असतो, तर पेटलेल्या बाजूचा दोन मिलिॲम्पिअरच्या थोडा वर.

असे चार संच एका फळीवर शेजारी शेजारी बसवून त्यांखाली ८, ४, २, १ असे आकडे लिहिले, तर शून्य ते पंधरापर्यंतची कोणतीही संख्या तारेच्या स्पर्शाने ‘लिहिता’ येईल. शेवटी सेल काढून पुन्हा जोडायला सांगावे : लिहिलेली संख्या पुसली गेलेली असेल आणि दिवे मनाला येईल तसे लागतील. मँचेस्टर आणि हार्वेलच्या यंत्रांत साठवणीसाठी चुंबकीय ड्रम घेण्याचे आणखी एक कारण मुलांना तेव्हा आपोआप कळेल, कारण ड्रमच्या थरावर उमटलेली चुंबकीय नोंद वीज गेली तरी तशीच राहते.